बॉयलर बंद पडला तेव्हाची व्हिस्की

माझे वडील माळकरी आहेत आणि त्यांच्या नोकरीची एकतीस वर्षं दारू गाळण्यात गेली. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ते केमिस्ट होते. मळी आंबवायची, तिच्यातून स्पिरिट काढायचं, त्याची ताकद मोजून रजिस्टरात मांडायची, सही ठोकायची आणि घरी येऊन हातपाय धुऊन हरिपाठाला बसायचं. एक थेंब कधी जिभेला लागला नाही. यात काही विचित्र आहे असं त्यांना वाटत नव्हतं, त्यांच्या दिंडीतल्या लोकांनाही नाही. "माळ गळ्यात आहे, नाकात नाही," म्हणायचे. त्यांचं निम्मं काम नाकावरच चालायचं. लॅबमधून आकडा यायच्या आधी टाकीपासून चार हात लांब उभं राहून ते सांगायचे, ही तीन नंबर उद्या रडवणार.

मी नऊ वर्षं ग्लासगोत राहते आणि व्हिस्की पिते. हे अण्णांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि डोळ्यांसमोर होणं वेगळं. आमच्याकडे या दोहोंच्या मध्ये एक अख्खं माजघर असतं. गेल्या मे महिन्यात आई-अण्णा महिनाभर राहायला आले, तेव्हा मी माझ्या बाटल्या आधीच कपड्यांच्या कपाटात हलवल्या होत्या. तिथं त्या दोन दिवस सुखरूप राहिल्या. तिसऱ्या दिवशी आईला शाल हवी झाली.

"एवढ्या?" आई म्हणाली.

अण्णा मागून आले. एक बाटली उचलली, चष्मा कपाळावर सरकवला, लेबल डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. "सेहेचाळीस टक्के," म्हणाले. "कॉलमची का पॉट स्टिलची?" म्हणजे उंच मनोऱ्यात सलग गाळलेली, का तांब्याच्या भांड्यात घाणा-घाण्यानं.

तिथून पुढं सगळं सोपं झालं. धुराच्या व्हिस्कीसाठी प्रसिद्ध असलेल्या स्कॉटलंडमधल्या आयला बेटावर जायचं त्याच रात्री ठरलं.

नावापासूनच करमणूक होती. इंग्रजीत ते लिहितात एक आणि उच्चारतात 'आयला'. बसमध्ये मी आईला म्हटलं, "संध्याकाळपर्यंत आयलाला पोचू," तर ती हळूच म्हणाली, "तोंड सांभाळ, वडील बसलेत शेजारी." ग्लासगोपासून केनाक्रेगच्या धक्क्यापर्यंत तीनेक तास बस, पुढं पोर्ट एलनपर्यंत दोन तास वीस मिनिटं बोट. बोटीवर वारा असा की अण्णांची टोपी दोनदा उडाली. दुसऱ्यांदा एका स्कॉटिश आजींनी ती पायाखाली धरून वाचवली.

पोर्ट एलनहून बोमोरला जाणारा रस्ता आखल्यासारखा सरळ आहे, आणि दोन्ही बाजूंना काळपट, ओलं, झाडाचं नाव नसलेलं रान. मे म्हणजे पीट काढायचा हंगाम. जमिनीत लांबच लांब चर, चराची कड वडी पाडल्यासारखी सुबक, आणि वर कापलेल्या ओल्या पट्ट्या ओळीनं वाळत टाकलेल्या. थोड्या वाळल्या की त्या एकमेकींना टेकवून उभ्या करतात, वारा खेळावा म्हणून. आई खिडकीतून बघत होती.

"शेणी लावल्यात," ती म्हणाली.

याहून चांगली व्याख्या मी इतक्या वर्षांत वाचली नव्हती. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात दबून राहिलेलं शेवाळ, गवत, हेदरची झुडपं. पूर्ण कुजलेलं नाही आणि कोळसाही झालेलं नाही. शेणीसारखंच ते धगधगत नाही, धुमसतं. उष्णता बेताची, धूर उदंड. बेटावर लाकूड नाही, म्हणून पूर्वी चुलीत पीट आणि बार्ली वाळवायच्या भट्टीतही पीट. बार्ली भिजवून मोड आणतात, मग ते मोड वाढायचे थांबावेत म्हणून वाळवतात. दाणे अजून ओलसर असताना धूर दिला तर तो सालीला धरतो. त्या धुरात फिनॉलं असतात. म्हणजे फरशीच्या फिनेलचे आणि दवाखान्यातल्या वासाचे सख्खे चुलतभाऊ. आयलाच्या व्हिस्कीला टिंक्चरचा वास येतो तो त्यामुळं. ही फिनॉलं किती, ते दशलक्षात किती भाग असं मोजतात. बेटावरच्या आर्डबेग डिस्टिलरीच्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीत, साधारण ५५. त्याच बेटावरच्या ब्रुइकलॅडी डिस्टिलरीनं ऑक्टोमोर नावाची व्हिस्की काढून एकदा हा आकडा ३०९.१ पर्यंत नेला. अर्थात आकडा माल्टचा असतो. त्यातलं बरंचसं गाळताना मागं राहतं, त्यामुळं सहापट आकडा म्हणजे सहापट धूर नव्हे. पण आकडा छापला की लोक घेतात, हेही खरं.

आर्डबेगच्या पांढऱ्या भिंतीवर समुद्राकडं तोंड करून काळ्या अक्षरांत नाव लिहिलेलं आहे, बोटीतून दिसावं म्हणून. १८१५ ची डिस्टिलरी. १९८१ ते १९८९ ती बंद होती, १९९६ ला पुन्हा बंद पडली, आणि १९९७ मध्ये ग्लेनमोरँजी या दुसऱ्या व्हिस्की कंपनीनं विकत घेतल्यावर परत सुरू झाली. हे ऐकून अण्णांनी भिंतीला हात लावला. बंद पडलेला कारखाना परत चालू होतो, हे आमच्या भागात फारसं बघायला मिळत नाही.

आत त्यांना एकच गोष्ट खटकली. आंबवायच्या टाक्या लाकडी होत्या, पाइनच्या.

"लाकडाच्या? अजून?" ते माझ्या कानात म्हणाले. "वाफेनं कितीही मारलं तरी सांध्यात जंतू राहणारच."

"राहू देतात मुद्दाम, अण्णा."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी भाजीला फोडणीऐवजी फिनेल घातलंय.

आता मूळ गोष्ट. माझ्या ऑफिसातल्या एकानं २०२२ साली आर्डबेगची फर्म्युटेशन नावाची बाटली घेतली होती. एकट्याला महाग, म्हणून आम्ही सात जणांनी ती शंभर-शंभर मिली वाटून घेतली. माझ्या वाट्यातली पंधरा मिली एका छोट्या बाटलीत शिल्लक होती. ती मी अण्णांसाठीच राखून ठेवली होती म्हणणं खोटं ठरेल. पण आयलाहून परत आल्यावर, त्या लाकडी टाक्यांनंतर, ती उघडायला याहून चांगला मुहूर्त मिळणार नव्हता.

तिची हकिगत अशी. २००७ साली आर्डबेगचा बॉयलर बिघडला. वाफ नाही म्हणजे गाळप नाही. सहा टाक्यांत वॉश, म्हणजे गाळायच्या आधीचा द्रव, आंबत पडलेला. एरवी तिथं तीन दिवसांत आंबवणं संपतं आणि वॉश गाळायला जातो. त्या वेळी व्हिस्की घडवायची जबाबदारी बिल लम्सडेन यांच्याकडं होती. सूक्ष्मजीवांवर डॉक्टरेट केलेला माणूस. डिस्टिलरीचे मॅनेजर होते मिकी हेड्स. लम्सडेननी वॉश ओतून द्यायला सांगितलं नाही. उलट टाक्यांची झाकणं उघडायला लावली, बेटावरची हवा आत येऊ द्या म्हणाले. तीन आठवडे ते तसंच आंबत राहिलं. मग बॉयलर सुरू झाला, वॉश गाळला, पिंपांत भरला आणि १३ वर्षांनी, ४९.४ टक्क्यांवर, बाटलीत घातला.

हे मी जेवणाच्या टेबलाशी सांगत होते. अण्णांचा घास हातात राहिला.

"तीन आठवडे?"

"तीन आठवडे."

"झाकण काढून?"

"हो."

त्यांनी घास खाल्ला, पाणी प्यायले, आणि मग त्यांची गोष्ट सांगितली. ती मी लहानपणी अर्धवट ऐकलेली होती. मी सातवीत असताना त्यांच्या कारखान्यात बॉयलरची नळी फुटली. डिस्टिलरीची वाफ तोडली. दोन फर्मेंटर तयार होऊन उभे. मळीचा वॉश दीड दिवसात उतरवायचा असतो. तो चार दिवस थांबला. एप्रिलचा महिना, सांगलीचं ऊन. तिसऱ्या दिवशी टाकीजवळ उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे, ऑम्लेटच्या गाडीवर असतं तसं व्हिनेगर. आम्लता वाढली, अल्कोहोल खाली आलं. जंतूंनी साखर खाल्ली आणि वर तयार दारूही बिघडवली. उत्पादन शुल्काचा निरीक्षक कारखान्यातच बसायचा. मळी इतकी गेली तर स्पिरिट इतकं का आलं नाही, याचा हिशेब त्याला हवा असतो. नळी फुटली मेकॅनिकलची आणि मेमो आला केमिस्टला. तो मेमो त्यांनी अजून जपून ठेवलाय, असं आई म्हणाली. ते त्यांनी नाकारलं नाही.

"आणि हे त्याला बाटलीत भरून विकतात," अण्णा म्हणाले.

"महाग विकतात."

"बघू तरी."

मी एकच ग्लास काढला तर ते म्हणाले, नुसत्या नमुन्यावरून काय कळणार, चांगल्या बॅचचा नमुना शेजारी ठेव. हे माझ्या कुठल्याही व्हिस्की पिणाऱ्या मित्राला सुचलं नव्हतं. घरात आर्डबेगची नेहमीची दहा वर्षांची होती. दोन निमुळत्या तोंडाचे ग्लास घेतले, प्रत्येकात पंधरा मिली ओतली, वर बश्या झाकल्या. अण्णांनी ग्लासांखाली कागदाचे कपटे ठेवून 'अ' आणि 'ब' लिहिलं, आणि आम्ही दोघांनी पाठ फिरवल्यावर आईनं ग्लासांची जागा बदलली. कुठला कुठला हे फक्त आईला ठाऊक. आईनं हे काम फार गांभीर्यानं घेतलं. तिनं पुढचा अर्धा तास ग्लासांवरची नजर हलवली नाही.

झाकून ठेवायची वीस मिनिटं अण्णांनी प्रश्नांत घालवली. गाळताना सुरुवातीचं आणि शेवटचं कुठं टाकता? मी सांगितलं, मधला भाग ठेवतात, पण फिनॉलं जड, ती उशिरा येतात, म्हणून धुराच्या व्हिस्कीवाले मधला भाग जरा लांब खेचतात. आर्डबेगच्या दुसऱ्या भांड्याच्या नळीला खाली एक डबा जोडलेला असतो, प्युरिफायर म्हणतात. जड वाफ तिथं थंड होऊन परत भांड्यात जाते. हे त्यांना लगेच पटलं, कारण त्यांच्या कॉलममध्ये थाळीमागून थाळी हेच चालतं, फक्त शेवटपर्यंत. "आम्ही जन्मभर वास काढायचं काम केलं," ते म्हणाले. "स्पिरिटला कसलाच वास उरला नाही की काम बरोबर. हे लोक वास ठेवण्यासाठी गाळतात."

मी त्यांना हेही सांगितलं की स्कॉचवाल्याला हात हलवायला फार जागा नसते. कायद्यानं सिंगल माल्टमध्ये मोड आणलेली बार्ली, पाणी आणि यीस्ट. किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात. चाळीस टक्क्यांच्या खाली नाही. रंगासाठी साधं कॅरॅमल चालतं, चवीसाठी काही घालायचं नाही. मग प्रयोग करणार कशात? धुरात, भांड्याच्या आकारात, पिंपाच्या लाकडात आणि वेळात. आर्डबेगनं तर २०११ साली आपल्या स्पिरिटच्या कुप्या अंतराळ स्थानकात पाठवल्या होत्या, त्या २०१४ ला परत आल्या. मला त्यात जाहिरातीचा वास जास्त आला होता. वेळेचा प्रयोग कुणी फारसा करत नाही, कारण टाकी अडून राहिली की पैसा अडतो. बॉयलर मोडला तरच टाकी फुकट मिळते.

बश्या काढल्या.

'अ' आधी मी घेतला. तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा, नाहीतर अल्कोहोल नाकात शिरतं आणि मग पाच मिनिटं नाक बधिर. धूर, ताजं डांबर, लिंबाची साल, मागं पट्टी बांधायच्या खोलीतला वास. ओळखीचा. ही दहा वर्षांची, असं मी मनात म्हटलं आणि 'ब' उचलला.

'ब'मध्ये धूर दारात नव्हताच. दारात आंबट काहीतरी उभं होतं. ताकावरची निवळी, चिरलेली कैरी, थोडं हिरवं, देठ मोडल्यावर येतं तसं. धूर आतल्या खोलीत होता आणि वेगळा होता. डांबर नाही, हुरड्याची आगटी विझत आल्यावर राखेत राहतो तो, कोवळ्या ज्वारीचा दुधट गोडवा धरून. मी ग्लास खाली ठेवून अण्णांकडं सरकवला.

अण्णांची पद्धत निराळी. त्यांनी ग्लास नाकाशी लावलाच नाही. हनुवटीखाली धरला, वाफ वर येऊ दिली. 'अ'ला मान हलवली. 'ब'ला दोन सेकंदांत म्हणाले, "ही बॅच गेलीय."

आईनं विचारलं, "नक्की?"

"अगं, आंबलंय हे. झोपेत सांगेन."

पण त्यांनी ग्लास खाली ठेवला नाही. परत हनुवटीखाली नेला. मग असं केलं, जे मी फक्त ऐकलं होतं: 'ब'मधले चार थेंब तळहातावर घेतले, दोन्ही हात चोळले, क्षणभर थांबले अल्कोहोल उडून जायला, आणि ओंजळ नाकावर धरली. बराच वेळ. आजारी माणूस वाफारा घेतो तसे. स्वयंपाकघरात फ्रिजचा आवाज तेवढा येत होता.

"व्हिनेगर थोडं आहे," ओंजळीतूनच म्हणाले. "पण नुसतं व्हिनेगर नाही. विरजणाचं आहे हे. ये, बघ."

आईनं त्यांच्या हाताचा वास घेतला आणि पदर नाकाला लावला. "गोठ्यात धुरी केलीय," ती म्हणाली. मग पदर काढून परत वाकली. "आणि ताकाची कळशी तिथंच विसरलीय कुणीतरी."

मला हे दोघं बोलत होते त्याचं रसायन पुस्तकातून माहीत होतं. यीस्ट दोन-अडीच दिवसांत साखर संपवतं आणि थकतं. त्यानंतर दुधाचं दही करणाऱ्या जंतूंच्या जातभाईंचं राज्य सुरू होतं, लाकडाच्या सांध्यात लपलेल्यांचं. ते उरलंसुरलं खाऊन लॅक्टिक आम्ल करतात. झाकण उघडं असेल तर हवा मिळते, हवा मिळाली की व्हिनेगरवाले जंतू जागे होतात. आम्लं आणि अल्कोहोल एकत्र आले की त्यांची एस्टरं बनतात, आणि एस्टरं म्हणजे फळांचे वास. पुढं तेरा वर्षं पिंपात हेच संथपणे चालू राहतं. म्हणजे नाकाला जी कैरी लागली ती फळातून आलेली नव्हतीच. हे सगळं मी त्यांना सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. टेबलाच्या पलीकडं एकतीस वर्षं टाकीशी उभा राहिलेला माणूस होता आणि पन्नास वर्षं विरजण लावणारी बाई होती.

चव एकटीनंच घ्यायची होती. अण्णांसमोर पहिला घोट. मी उगाच खिडकीकडं बघितलं. अण्णा उगाच कपट्यावर काहीतरी लिहायला लागले.

पहिल्यांदा जिभेच्या कडांना चिमटा बसला, मुरलेल्या उपासाच्या लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवल्यासारखा. खारट नव्हतं, पण तोंड खारट समजून पाणी सोडायला लागलं. मग गोडी, बार्लीची, भाजलेल्या कणकेची. धूर गिळल्यानंतर आला. दहा वर्षांचीमध्ये धूर आधी येतो आणि बाकीचे त्याच्या मागून वाट काढतात. इथं सगळे येऊन बसले आणि धूर शेवटी दार लावून आत आला. आणि गेला नाही. दहा मिनिटांनंतरही टाळूला राख होती. आवडली का? पहिल्या घोटाला नाही. तिसऱ्या घोटाला मी दहा वर्षांची उचलली आणि ती मला एकसुरी वाटली, हे मात्र मला आवडलं नाही, कारण ती घरात पाऊण बाटली आहे आणि ही पंधरा मिली.

पाणी घालायचं अण्णांनीच सुचवलं. त्यांना कळत नव्हतं मी इतक्या तीव्र द्रवातून वास कसा घेतेय. लॅबमध्ये ते आधी पातळ करायचे. बरोबरच होतं त्यांचं, व्हिस्कीचे ब्लेंडरही वीस टक्क्यांच्या आसपास आणूनच वास घेतात. मी चमच्यानं थोडं थोडं पाणी घातलं. ग्लासात पातळ धुरळा उठला आणि तसाच राहिला. थंड करून गाळलेली नसली की पाण्यानं त्यातले तेलकट घटक वेगळे होऊन ती गढूळ होते.

"टर्बिडिटी," अण्णा समाधानानं म्हणाले आणि लिहून घेतलं.

पाण्यानंतर आंबटपणा मवाळ झाला, वर पुदिन्यासारखं गार काहीतरी आलं, आणि फिनेलचा वास, जो आतापर्यंत दबून होता, तो सरळ समोर आला. मला पाण्याशिवायच बरी वाटली. अण्णांना पाण्यानंतरची. "आता कळतंय काय काय आहे ते," म्हणाले. त्यांच्या कपट्यावर नंतर मी पाहिलं: अ – ठीक. ब – आम्लता जास्त, दही, राख, कच्चं फळ, शेवटी गोड. खाली कंसात, 'टाकून देण्यासारखी नाही'. त्यांच्या लेखणीतून ही फार मोठी गोष्ट.

एक मुद्दा त्यांनी सोडला नाही. "तुझ्या त्या डॉक्टरला वॉश ठेवता आला, कारण त्याला तेरा वर्षं कुणी विचारणार नव्हतं," ते म्हणाले. "मला दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं." मी म्हटलं, तुमच्या मळीच्या वॉशमधून तेरा वर्षांनी काय निघालं असतं? त्यांनी खरोखर विचार केला. कॉलममधून काढलं असतं तर काहीच नाही, म्हणाले, सगळा वास गेला असता. पॉट स्टिल असतं तर सांगता येत नाही. शिवाय आमच्याकडं पिंपातून उडून जाण्याचं प्रमाण किती. स्कॉटलंडात वर्षाला दोनेक टक्के उडते. गोव्यात सिंगल माल्ट करणाऱ्यांची त्याच्या कितीतरी पट जाते. सांगलीच्या उन्हात तेरा वर्षांनी नुसतं पिंप उरलं असतं, असं म्हणून ते हसले. त्या चार दिवसांच्या वॉशवर ते हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग हरिपाठाची वेळ झाली. त्यांनी साबणानं हात धुतले. वास गेला नाही. परत धुतले, लिंबू चोळलं. धूर जागच्या जागी. शेवटी तसेच बसले. मी बाहेरच्या खोलीत ग्लास आवरत होते, आत दोघांचा आवाज एका लयीत चालला होता. मधेच एकदा आईचा आवाज थांबला आणि दबकं हसू ऐकू आलं. पोथी उघडली की पानाला आयलाचा वास येत होता.

दोन्ही ग्लास मी रात्री धुतले नाहीत. सकाळी तळाशी वाळलेलं उरतं त्याचा वास घेणं मला पिण्याइतकंच आवडतं. अल्कोहोल गेलेलं असतं आणि धूर एकटा असतो. दहा वर्षांचीच्या ग्लासात थंड चूल होती. फर्म्युटेशनच्या ग्लासात आंबट काही शिल्लक नव्हतं, फक्त भाजलेली ज्वारी आणि किंचित मध. अण्णा आंघोळ करून आले, त्यांनी तोच ग्लास उचलला, हनुवटीखाली धरला आणि काही न बोलता ठेवला.

जाताना त्यांनी ती छोटी रिकामी बाटली मागून घेतली. धुऊ नको म्हणाले. तळाशी थेंबभर ओल होती. बूच घट्ट लावून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, लोकरी मोज्यात घालून सामानात ठेवली.

पंधरा दिवसांनी फोन आला. लॅबमधली जुनी तिघं-चौघं चहाला घरी आली होती. अण्णांनी काही न सांगता बूच उघडून बाटली सगळ्यांच्या नाकाखालून फिरवली.

"मग? काय म्हणाले?"

"पहिल्या दोघांनी तोंड वाकडं केलं. आमचा तो शिफ्टवाला, रिटायर होऊन बारा वर्षं झाली त्याला. त्यानं वास घेतला आणि एकदम ताठ बसला."

"आणि?"

"म्हणाला, साहेब, ड्यूटीवर कोण होतं?"